देव अलीकडं, घंटा पलीकडं

पैज लावून सांगतो, ही हकीकत कुणी खरी मानणार नाही. एकानं जरी मानली तरी डोक्यावरचा पटका उतरवून त्याच्या पायाशी ठेवीन आणि बोडक्या डोक्यानं जिंतूरचा आख्खा बाजार फिरून येईन. अजून तरी पटका जागेवर आहे. येलदरीच्या मगरीनं माझं धोतर ओढून नेलं आणि चांगलं धुऊन काठावर आणून टाकलं, ते मात्र लोकांनी मानलं. लोकांचं असंच असतं. थाप मारली की माना डोलावतात, अन् खरं सांगायला लागलं की म्हणतात, सितारामआप्पा, आता बस करा.

त्या दिवशी विषय काढला बन्सीधर मास्तरनं. मास्तर आमच्या शाळेवर नवा. पुसाचं ऊन पडलेलं, मारुतीच्या देवळापुढं बायका बियाण्याच्या शेंगा फोडीत बसलेल्या. मास्तर देवळात शिरला आणि सगळे नवखे करतात तेच त्यानं केलं. घंटा वाजवायला हात वर नेला, आणि हात मोकळाच खाली आला. वर नुसती लोखंडी कडी.

"आप्पा, या देवळाला घंटा कशी नाही?"

शेंगांचा आवाज थांबला. बायकांत सगुणाबाई होती, राधाकिशनची बायको, आणि तिच्या शेजारी तिची सून दैवशाला. राधाकिशन वर ओट्यावर बसला होता, रोजच्यासारखा कडीकडं पाठ करून. सगुणाबाईनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं, आणि मला हळूच म्हणाली, "आप्पा, मगरीचं सांगा की. मास्तरनं ते न्हाई ऐकलं."

मगरीचं सांगायला हवं होतं. पण नवा ऐकणारा भेटला की माझी जीभ माझ्या बापाचंही ऐकत नाही.

मास्तर, म्हटलं, हे गाव आमचं खरं गाव नव्हे. आमचं गाव त्या पाण्याखाली आहे. धरणाची भिंत उभी राहिली, पूर्णेचं पाणी मागं सरकत आलं, आणि गावाची दोन छकलं झाली. अर्ध्यांना जागा मिळाली अलीकडं, म्हणजे इथं, आणि अर्धे गेले पलीकडच्या काठाला. भांडीकुंडी वाटली, गुरं वाटली, चुलतेपुतणे वाटले. भांडण झालं ते मारुतीवर. कुणाचा मारुती? आमच्या लोकांनी पहाटेच पहारी लावून मूर्ती उपटली अन् गाडीत घातली. पलीकडचे उजाडताच आले, बघतात तो देव नाही. मग त्यांनी घंटा सोडवली अन् चालू लागले. ह्या दोन हातांत मावायची नाही एवढी घंटा, वाजली की येलदरीपर्यंत गुरं कान टवकारायची. तेव्हापासून आमच्याकडं देव, पण मुका. त्यांच्याकडं घंटा, अन् तिच्याखाली शेंदूर फासलेला कुठला तरी दगड. आम्ही इथं कडी ठोकून ठेवली, घंटा आज ना उद्या येईल म्हणून. एकमेकांच्या गावचं पाणी प्यायचं बंद झालं.

पुढं तो मोठा दुष्काळ पडला. विहिरी गेल्या, गुरं गेली, आख्खा जिल्हा खडी फोडायला बसला. दुष्काळी कामावर कोण अलीकडचा, कोण पलीकडचा? तिथं राधाकिशनचा व्यंकटी अन् पलीकडच्या नागनाथची दैवशाला एकाच ढिगावर आली. जुन्या गावात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. लहानपणी भिंतीतल्या भोकातून एकमेकांना चिंचा देणारी पोरं ती. बघता बघता सोयरीक जमली. नागनाथ राधाकिशनला म्हणाला, झालं गेलं पूर्णेत गेलं. कुंकू लागलं, जेठातली शेवटची तीथ धरली. त्यानंतर चार महिने मुहूर्त नव्हता.

आणि मग प्रश्न आला, लग्न लावायचं कुठं?

दस्तूर असा की लग्न नवरीच्या दारात. पण नवरदेवानं बोहल्यावर चढायच्या आधी मारुतीला जायचं, घंटा वाजवायची, मग मांडवात यायचं. घंटा वाजल्याशिवाय भटजी अंतरपाट धरत नाही. जिंतूरच्या बाजारात चहाच्या दुकानापुढं दोन्ही व्याही बसले, मी मधे. राधाकिशन म्हणाला, "तुमच्या त्या दगडाला माजं पोरगं हात जोडायचं न्हाई." नागनाथ म्हणाला, "मग काय मुक्या देवाम्होरं माजी लेक हुबी करू?"

मी आपला जागा सुचवतोय. म्हटलं, जिंतूरलाच लावा, कापसाच्या जिनाच्या आवारात, दुष्काळात रिकामंच पडलंय. नागनाथ म्हणाला, वऱ्हाडाच्या धोतराला सरकी चिकटंल. म्हटलं, पिंगळीला लावा, पोरीचा मामा तिथं टेसणावर हमाल आहे, फलाटावर सावली आहे. राधाकिशन म्हणाला, मंगलाष्टकं चालू असताना गाडीनं शिट्टी मारली तर नवरदेव दचकून पळंल. एकाला जे पटेल ते दुसऱ्याला नको. शेवटी नागनाथ उठला, पायताण घातलं, अन् म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. कुकू पुसता येतंय."

मास्तर, कुंकू लागलेल्या पोरीची सोयरीक मोडली की त्या काळात तिला दुसरं घर मिळत नव्हतं. आजही मिळत नाही म्हणा. दैवशाला बापाच्या मागं उभी होती, हातात नव्या बांगड्यांची पुडी. समोर व्यंकटी, खाली बघत. तो आधी बोलला. म्हणाला, धरण आटलंय, जुनं गाव उघडं पडलंय, मी गुरं घेऊन जाऊन बघून आलोय, मारुतीचा ओटा तसाच आहे. आणि दैवशाला बोलली. चार माणसांत तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"जिथं आमच्या दोघांच्या घराची भित एक व्हती, तिथं लावा."

पोरीनं तोड काढली होती. जागा ना अलीकडची, ना पलीकडची. आम्ही देव घेऊन यायचं, त्यांनी घंटा घेऊन यायची, जुन्या ओट्यावर एका दिवसापुरतं दोन्ही एक करायचं. नागनाथनं पायताण काढलं अन् परत बसला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "माजी लेक वकील व्हायची व्हती."

इथपर्यंत मास्तर मान डोलावत होता. आता पुढचं ऐका.

जागा बघायला आम्ही गेलो तो दिवस मला आवडला नाही. माझे बैल जुन्या शिवेवर थांबले. मारलं, शेपट्या पिरगाळल्या, पुढं पाऊल टाकीनात. उतरून चालत गेलो. जिकडंतिकडं गाळ, वाळून त्याची फरशी झालेली, भेगा पडलेल्या, भेगांत शिंपल्या. पायाखाली कुरूम कुरूम वाजायचं. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या. चौकटींचे दगड उभे, त्यांच्यातून जाताना माणूस आपोआप वाकायचा. वर कावळा नाही, खाली मुंगी नाही. सगुणाबाई सोबत होती. तिनं आपलं घर ओळखलं, स्वैपाकघराच्या जागी जातं सापडलं. तिनं हौसेनं वरचा दगड सरकवला, तर खाली ओल्या गाळात जिवंत मरळ. धरण आटून कैक दिवस झालेले, अन् ती तिथं तोंड उघडझाप करीत पडलेली.

मास्तर हसला. "जात्याखाली मासा?"

"व्हता," सगुणाबाई मान वर न करता म्हणाली. "म्याच झाकला परत."

राधाकिशननं विचारलं ते मात्र कामाचं होतं. बारव कुठं? जुन्या गावाची बारव, पायऱ्यांची, तळ न लागलेली. गाळानं ती तोंडापर्यंत भरून वर फरशी धरलेली, वरून काही म्हणता काही दिसेना. राधाकिशन म्हणाला, बारव ओट्याच्या डाव्या अंगाला होती, लिंबाच्या खोडापाशी. नागनाथ लगेच म्हणाला, उजव्या अंगाला, लोहाराच्या भात्यापाशी. राधाकिशन म्हणाला, तिच्यात मी पोहायला शिकलो. नागनाथ म्हणाला, माझ्या आईनं तिचं पाणी भरलं. आता एकाच गावात जन्मलेली दोन शहाणी माणसं, पण राधाकिशन डावं म्हणाला म्हणून नागनाथला उजवं म्हणणं भाग होतं. उलट असतं तर उलटही झालं असतं.

बारवेवर टाकायला मी बाभळीच्या काट्यांची एक गाडी आणली. दुष्काळात तेवढ्याच मिळाल्या. राधाकिशननं त्या लिंबाच्या खोडापाशी टाकल्या. नागनाथनं त्या उचलून लोहाराच्या भात्यापाशी नेल्या. आणि रिकाम्या झालेल्या जागेवर उभा राहून त्यानं दोन्ही पाय आपटले. एकदा, दोनदा. फरशी हलली नाही.

"बगा," नागनाथ म्हणाला. "माजी लेक हितनंच चालत मांडवात येईल."

लग्नाचा दिवस. सकाळी आम्ही देव गाडीत घातला. बैलांना मी पाणी पाजलं, कुंकू लावलं, तरी शिवेवर थांबलेच. शेवटी त्यांच्या डोळ्यांवर फडकी बांधली, तेव्हा चालले. पलीकडून नागनाथची मंडळी घंटा घेऊन आली, दोन माणसांच्या खांद्यावर बल्लीला टांगून. ओट्यावर देव बसला, लिंबाच्या खोडाला आडवं लाकूड बांधून त्याच्यावर घंटा टांगली. इतक्या वर्षांनी दोन्ही एका जागी. बायका रडल्या. ज्या त्या बाईनं आपापल्या घराच्या चौकटीपुढं गाळ झाडून घेतला, कुणी कुंकवाची बोटं ओढली. रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी अन् पातळ वरण, हेच जेवण, पण पंगती अशा बसल्या की जो तो आपल्याच ओसरीच्या जागेवर. म्हातारे लोक मेलेल्या माणसांसाठी मधे जागा सोडून बसले. वाढणाऱ्यानं त्या रिकाम्या जागांपुढंही भाकरी ठेवल्या, अन् मास्तर, उठायच्या वेळी त्यातली एक भाकर अर्धी होती.

"हे सांगू नका हो," मास्तर म्हणाला, पण हसला नाही.

वर ऊन लख्ख. आमच्याकडं एक थेंब नव्हता. मात्र वरल्या अंगाला, बुलढाण्याकडं, आभाळाची कड काळी झाली होती, तव्याच्या बुडासारखी. ते काळं दोन दिवस तिथंच बसून होतं. कुणी तिकडं बघत नव्हतं, दुष्काळानं आभाळाकडं बघायची सवय मोडली होती. मी बघितलं. मला आवडलं नाही, पण लग्नात असलं बोलत नाहीत.

व्यंकटीनं घंटा वाजवली. तो आवाज भिंतींच्या उरलेल्या तुकड्यांवर आपटत गेला, आणि तो थांबल्यावरही कुठं तरी खाली वाजत राहिला. जमिनीच्या खाली. सगळ्यांनी ऐकलं. राधाकिशन नागनाथकडं बघून म्हणाला, "खाली पोकळ हाय बरं." नागनाथनं डोळे मिटून घेतले, जणू भटजीचं ऐकतोय.

अंतरपाट मी धरला होता, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मुलीचा मामा. मंगलाष्टकं चालू झाली अन् मला माझ्या पायाला गार लागलं. खाली बघितलं तर भेगांतून पाणी वर यायलंय. वरून नव्हे, मास्तर, खालून. गाळाच्या भेगा भरत आल्या, अन् मग खालच्या आळीकडून पाणी आलं. ते धावत आलं नाही. संध्याकाळी गुरं घराकडं येतात तसं आलं, सावकाश, आपल्या आपल्या बोळातून, ओळखीच्या दारात शिरत. एक घर भरलं की दुसरं. आवाज म्हणून नाही. पाण्यावर आधी भाकरीचे तुकडे तरंगले, मग पत्रावळी.

भटजी थांबला नाही. त्याला माहीत होतं, आता अर्धवट सोडलं तर चार महिने पोर अधांतरी. त्यानं श्लोक गिळत गिळत वेग धरला. आमच्या पोटऱ्या बुडाल्या. लोकांनी अक्षता टाकल्या, त्या पाण्यावर पडल्या, अन् बोटाएवढे मासे वर येऊन त्या खाऊ लागले.

मास्तरनं चष्मा काढला. "आप्पा, मासे? अक्षता?"

"खाल्ल्या," सगुणाबाई म्हणाली. "नवरीच्या साडीवरच्या बी येचून खाल्ल्या."

अंतरपाट खाली पडला तो पाण्यातच पडला अन् वाहत गेला. माळा पडल्या. लग्न लागलं. मग मात्र जो तो पळाला. देव आम्ही गाडीत टाकला, नवरानवरीला देवाशेजारी बसवलं, अन् मी बैल सोडले. फडकी तशीच डोळ्यांवर, म्हणून ते भ्याले नाहीत. खालची फरशी पाण्यानं पेजेसारखी व्हायला लागली होती. चाकं रुतायची, निघायची. माळावर पोचलो तेव्हा बैलांच्या पोटाला पाणी होतं. दोन्ही गावची माणसं तिथं एकत्र उभी, ओली, एकमेकांना मोजत. सगळी होती. पोर ना म्हातारं, कुणी कमी नव्हतं. हसू फुटलं लोकांना. दोन्हीकडच्या बायका गळ्यात गळे घालून रडायल्या. राधाकिशनच्या आनंदाला पारावार नव्हता. त्यानं व्याह्याच्या पाठीवर थाप मारली अन् चेष्टेनं म्हणाला,

"आमी आमचा देव आनला. तुमची घंटा कुठं हाय, व्याही?"

चेष्टाच ती. लग्नात व्याही व्याह्याला म्हणतोच काही तरी. पण नागनाथनं मागं वळून बघितलं. लिंबाच्या खोडाला घंटा टांगलेली, पाण्याच्या वर हातभर, मावळतीच्या उन्हात चमकत होती. मागं त्याच्या गावची माणसं उभी होती. देव अलीकडच्यांचा झाला, पोरगी अलीकडच्यांची झाली, आता घंटाही सोडून जायची?

दैवशाला गाडीतून म्हणाली, "दादा, ऱ्हाऊ द्या." बापाला ती दादा म्हणायची.

नागनाथ पाण्यात शिरला. छातीएवढं पाणी कापत सरळ गेला. राधाकिशन ओरडला, उजवीकडनं जा, काट्यांकडनं. नागनाथ डाव्या अंगानंच गेला. स्वतः पाय आपटून दाखवलेली जागा ती. आम्ही सगळे बघत होतो. त्यानं घंटेला हात घातला, लाकडावरून सोडवली. ती एकदा वाजली.

इथं मी थांबलो. इथं थांबलं की ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो, ते मला माहीत आहे. राधाकिशननं ओट्यावर मान खाली घातली होती. शेंगांचा आवाज केव्हाच बंद झालेला.

आणि मग, मी म्हटलं, नागनाथ घंटा खांद्यावर टाकून आला. गळ्यापर्यंत चिखल, पटका गेलेला, पण हसत आला. माळावर चढला, राधाकिशनच्या कानाशी घंटा नेऊन वाजवली, अन् आपल्या माणसांना घेऊन गेला पलीकडं. आजही तिकडंच आहे घंटा. देतच नाही म्हातारा. तसला हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही. म्हणून ही कडी रिकामी. जुनं गाव मात्र पुन्हा कधी वर आलं नाही.

मास्तरनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. कडीकडं बघितलं. म्हणाला, "जात्याखालचा मासा, ती अर्धी भाकर, अक्षता, ते काही मला पटलं नाही, आप्पा. पण हे शेवटचं पटलं. म्हातारे हट्टी असतातच. हे खरं वाटतं."

पैज हरलो होतो. मी पटक्याला हात घातला.

दैवशालानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. आजवर कैक वेळा ही गोष्ट तिच्यासमोर झाली होती, अन् दर वेळी ती शेवटाआधी पाणी आणायला उठायची. त्या दिवशी उठली नाही. सासऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"आप्पा," ती म्हणाली, "बाकीचं समदं खरं सांगितलंत. पर मी दर पंचमीला म्हायेरी जाती. तिथं घंटा न्हाई. माजा बाप बी न्हाई."